दक्षिण कोरियातील राज्यसंस्थेची हिंसा आणि सत्यशोधनाची प्रक्रिया : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

दक्षिण कोरिया हे राष्ट्र आज औद्योगिक प्रगती, तंत्रज्ञान आणि स्थिर लोकशाही यांसाठी ओळखले जाते. या प्रगतीच्या पूर्वेतिहासात मात्र निःशस्त्र नागरिकांच्या सामूहिक हत्यांची एक प्रदीर्घ मालिका आहे. १९४८ चे जेजू बेट, १९५० च्या उन्हाळ्यातील कैद्यांच्या हत्या, १९५१ चे गोचांग आणि १९८० चे ग्वांगजू हे या मालिकेतील ठळक टप्पे होत. या घटनांचे विशेष असे की त्यांतील बहुसंख्य बळी परकीय सैन्याच्या हातून नव्हे, तर स्वतःच्याच राज्यसंस्थेच्या पोलीस व लष्कराच्या हातून गेले. त्यानंतर कित्येक दशके या बळींविषयी बोलणे हाच अपराध ठरविला गेला.

२०२४ मध्ये कोरियन लेखिका हान कांग यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या दोन प्रमुख कादंबऱ्यांचे विषय ग्वांगजू आणि जेजू येथील हत्याकांडे हे आहेत. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी त्या देशात पुन्हा एकदा लष्करी कायदा जाहीर झाला आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. या दोन घटनांमुळे कोरियाचा हा इतिहास जगासमोर नव्याने आला. इतिहास, राज्यशास्त्र, विधी आणि साहित्य या सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांना विचारप्रवृत्त करणारा हा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दक्षिण कोरियातील नागरी हत्याकांडांची ऐतिहासिक पार्श्वभूमी व कारणे समजून घेणे.
२) या घटना दीर्घकाळ दडपल्या जाण्यामागील यंत्रणेचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) सत्यशोधन, न्याय व भरपाई यांसाठी झालेल्या प्रयत्नांचे यश आणि मर्यादा तपासणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. १९४७ ते २०२५ हा कालखंड अभ्यासाची मर्यादा म्हणून निश्चित केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९१० पासून जपानच्या अंमलाखाली असलेला कोरिया १५ ऑगस्ट १९४५ रोजी मुक्त झाला. मात्र ३८ व्या अक्षांशाच्या उत्तरेस सोव्हिएत सैन्य व दक्षिणेस अमेरिकी सैन्य येऊन ठेपल्याने मुक्तीबरोबरच फाळणीही आली. दक्षिणेत १९४८ पर्यंत अमेरिकी लष्करी प्रशासन होते. या प्रशासनाने जपानी राजवटीत चाकरी केलेल्या पोलीस अधिकाऱ्यांना बव्हंशी कायम ठेवले. कालपर्यंत परकीय सत्तेचा दंडुका चालविणारे हातच स्वतंत्र देशात कायद्याचे रक्षक झाले, ही गोष्ट सामान्य जनतेच्या मनात सलत राहिली.

१९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तात्पुरत्या कोरिया आयोगाच्या देखरेखीखाली केवळ दक्षिणेत निवडणूक घेण्याचे ठरले. भारताचे के. पी. एस. मेनन हे या आयोगाचे पहिले अध्यक्ष होते, ही बाब भारतीय वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. १० मे १९४८ रोजी निवडणूक झाली आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी सिंगमन री यांच्या अध्यक्षतेखाली कोरिया प्रजासत्ताकाची स्थापना झाली. फाळणी कायम होईल या भीतीने या निवडणुकीला अनेकांचा विरोध होता. तो सर्वाधिक तीव्र ठरला तो जेजू बेटावर.

जेजू : ३ एप्रिल १९४८ आणि नंतर :

जेजू हे कोरियाच्या दक्षिणेकडील ज्वालामुखीजन्य बेट. १ मार्च १९४७ रोजी तेथे स्वातंत्र्य चळवळीच्या स्मृतिदिनी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ६ जण मृत्युमुखी पडले. निषेधार्थ बेटावर सार्वत्रिक संप झाला. त्याला उत्तर म्हणून मुख्य भूमीवरून पोलीस आणि ‘वायव्य युवक संघटना’ या नावाने ओळखले जाणारे उजव्या विचारांचे तरुण आणण्यात आले. उत्तरेकडून पळून आलेले हे तरुण साम्यवादाचे कट्टर द्वेष्टे होते. अटकसत्र, मारहाण व कोठडीतील मृत्यू यांनी बेटावरील वातावरण पेटले.

३ एप्रिल १९४८ च्या पहाटे दक्षिण कोरिया कामगार पक्षाच्या सुमारे ३५० सशस्त्र व्यक्तींनी १२ पोलीस ठाण्यांवर हल्ला केला. त्या महिन्याच्या अखेरीस बेटावरील लष्करी तुकडीचे प्रमुख किम इक-र्योल यांनी बंडखोरांच्या नेत्याशी वाटाघाटी करून शांततेचा मार्ग शोधला होता. परंतु तो प्रयत्न फसला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. समेटाची शक्यता उपलब्ध होती व ती नाकारली गेली, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

१७ ऑक्टोबर १९४८ रोजी लष्कराने एक जाहीरनामा काढला. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपेक्षा आत वावरणाऱ्या कोणाही व्यक्तीस दंगलखोर मानून गोळी घालण्यात येईल, असा त्याचा आशय होता. १७ नोव्हेंबर रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. डोंगरउतारावरील गावे जाळण्यात आली. ज्यांना घर सोडून किनाऱ्यावर जाता आले नाही, ते वृद्ध, स्त्रिया व मुले या जाहीरनाम्यानुसार शत्रू ठरली. एखाद्या घरातील तरुण बेपत्ता असेल तर तो डोंगरात गेला असे गृहीत धरून त्याच्या आईवडिलांना मारण्यात आले. जानेवारी १९४९ मध्ये बुकचोन या एकाच गावात शेकडो ग्रामस्थांची हत्या झाली.

सप्टेंबर १९५४ मध्ये हाल्ला पर्वतावरील प्रवेशबंदी उठली, तेव्हा हा अध्याय औपचारिकरीत्या संपला. शासकीय अहवालाच्या अंदाजानुसार मृतांची संख्या २५,००० ते ३०,००० असून ती बेटाच्या तत्कालीन लोकसंख्येच्या सुमारे एक दशांश इतकी भरते. नोंदणी झालेल्या बळींपैकी ७८.१ टक्के बळी सरकारी दलांकडून, तर १२.६ टक्के सशस्त्र बंडखोरांकडून गेले असे या अहवालात नमूद आहे. दोन्ही बाजूंनी हिंसा झाली हे खरे; परंतु तिचे प्रमाण समान नव्हते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

१९५० चा उन्हाळा : यादीतील माणसे :

१ डिसेंबर १९४८ रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा अमलात आला. १९४९ मध्ये ‘राष्ट्रीय मार्गदर्शन संघ’ स्थापन झाला. कोरियन भाषेत त्याचा उल्लेख ‘बोडो’ संघ असा होतो. डाव्या विचारांचा त्याग केलेल्यांचे पुनर्वसन हा त्याचा घोषित हेतू होता. परंतु सदस्यसंख्येचे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांनी राजकारणाशी संबंध नसलेल्या शेतकऱ्यांचीही नावे घातली. शिधा मिळेल या आशेनेही अनेकांनी अंगठे उठविले. सदस्यांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेल्याचे मानले जाते.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने आक्रमण केले आणि ही यादीच मृत्यूची यादी ठरली. शत्रू आल्यास हे लोक त्याला मिळतील, या केवळ शंकेने पोलीस व लष्कर यांनी सदस्यांना बोलावून घेतले आणि दऱ्यांत, खाणींत व समुद्रात त्यांचा अंत केला. देजॉन येथील तुरुंगातील कैद्यांच्या हत्येची अमेरिकी लष्कराने काढलेली छायाचित्रे गोपनीय कागदपत्रांत जवळजवळ अर्धशतक पडून होती. जेजूहून मुख्य भूमीवरील तुरुंगांत पाठविलेले अनेक कैदीही याच काळात मारले गेले. एकूण बळींची संख्या एक लाख किंवा त्याहून अधिक असावी असे अभ्यासक मानतात. २००९ मध्ये सत्यशोधन आयोगाने नावानिशी निश्चित केलेली संख्या मात्र ४,९३४ इतकीच आहे. या दोन आकड्यांमधील अंतर हे कागदपत्रे नष्ट झाल्याचे, साक्षीदार मरण पावल्याचे आणि भीतीपोटी कुटुंबांनी अर्जच न केल्याचे द्योतक आहे.

उत्तर कोरियाच्या सैन्यानेही सोलमधील रुग्णालयात आणि माघार घेताना देजॉन येथे कैद्यांची व नागरिकांची कत्तल केली. जुलै १९५० मध्ये नोगुन-री येथे अमेरिकी सैनिकांनी रेल्वे पुलाखाली आश्रय घेतलेल्या निर्वासितांवर गोळीबार केला. १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ते प्रकरण उजेडात आणले आणि जानेवारी २००१ मध्ये अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी खेद व्यक्त केला.

फेब्रुवारी १९५१ मध्ये गोचांग परिसरात गनिमांचा बंदोबस्त करण्यासाठी गेलेल्या दक्षिण कोरियाच्या लष्करी तुकडीने ७१९ ग्रामस्थांना ठार केले. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. हे प्रकरण संसदेत गाजले व काही अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या, परंतु अल्पावधीतच त्यांची मुक्तता झाली.

याच काळात आदेश नाकारणारे अधिकारीही होते. ऑगस्ट १९५० मध्ये जेजूवरील सोंगसान पोलीस ठाण्याचे प्रमुख मून ह्योंग-सून यांनी स्थानबद्धांना गोळ्या घालण्याच्या आदेशाच्या कागदावर, आदेश अन्याय्य असल्याने पाळला जाणार नाही, अशा अर्थाचा शेरा मारला आणि दोनशेहून अधिक जीव वाचविले. ‘वरून हुकूम होता’ हा युक्तिवाद किती तोकडा आहे, हे या एका शेऱ्यावरून कळते.

मौनाची यंत्रणा :

एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेल्या हत्या तीस-चाळीस वर्षे दडून कशा राहिल्या, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण वैचारिक होय. कोरियन भाषेत साम्यवाद्यांसाठी वापरला जाणारा ‘पालगेंगी’, म्हणजे ‘लाल’, हा शब्द केवळ राजकीय मतभेद दर्शवीत नसे. तो ज्याला चिकटला, तो नागरिकत्वाच्या व माणुसकीच्या कक्षेबाहेर गेला असे मानले जाई. त्यामुळे मारला गेलेला मनुष्य ‘लाल’ होता की नव्हता एवढाच प्रश्न उरे. त्याला मारण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न उद्भवतच नसे.

दुसरे कारण प्रशासकीय होय. ‘योनजवाजे’ या संबंधदोषाच्या प्रथेनुसार बळी पडलेल्याच्या मुलांना व नातेवाइकांना सरकारी नोकरी, सैन्यातील बढती आणि परदेशप्रवास नाकारला जाई. १९८० च्या संविधानाने या प्रथेस मनाई केली, तोपर्यंत एक संपूर्ण पिढी तिच्या छायेत वाढली होती. वडील कसे गेले हे मुलांना न सांगणे हेच अनेक मातांना शहाणपणाचे वाटले.

तिसरे कारण थेट दडपशाहीचे होय. एप्रिल १९६० मध्ये गैरप्रकारांनी भरलेल्या निवडणुकीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात १८० हून अधिक लोक मरण पावले, परंतु सिंगमन री यांना पायउतार व्हावे लागले. या मोकळ्या वातावरणात बळींच्या कुटुंबीयांनी संघटना स्थापल्या, अस्थी गोळा केल्या, समाध्या उभारल्या. १६ मे १९६१ च्या लष्करी उठावानंतर पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने या संघटनांच्या नेत्यांना तुरुंगात टाकले. गोचांग येथील समाध्या उद्ध्वस्त करण्यात आल्या व स्मृतिशिळा पुरण्यात आली. मृतांना असे दुसऱ्यांदा मारले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या मौनाला पहिला तडा साहित्याने दिला. १९७८ मध्ये ह्यून की-यंग यांची ‘सुनी सामचोन’ ही बुकचोन येथील हत्याकांडावरील कथा प्रसिद्ध झाली. ‘सामचोन’ हे जेजूमध्ये वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी आपुलकीने वापरले जाणारे संबोधन आहे. या कथेसाठी लेखकाला अटक व छळ सोसावा लागला. जे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला सांगता येत नव्हते, ते एका कथेने सांगितले.

ग्वांगजू : मे १९८० :

२६ ऑक्टोबर १९७९ रोजी पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. १२ डिसेंबर रोजी जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्कराचा ताबा घेतला आणि १७ मे १९८० रोजी लष्करी कायदा देशभर लागू करून किम दे-जुंग यांच्यासह विरोधी नेत्यांना अटक केली. १८ मे रोजी ग्वांगजू येथील चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर विद्यार्थी व छत्रीधारी सैनिक समोरासमोर आले. सैनिकांनी विद्यार्थ्यांसह वाटेने जाणाऱ्यांनाही निर्दयपणे झोडपले. २० मे रोजी बस व टॅक्सीचालकांनी वाहनांचा मोर्चा काढला. २१ मे रोजी प्रांतिक कार्यालयासमोर सैन्याने जमावावर गोळीबार केला. त्यानंतर नागरिकांनी पोलीस ठाण्यांतील शस्त्रे हस्तगत केली आणि सैन्य शहराबाहेर गेले.

पुढील काही दिवस शहर नागरिकांच्याच हाती होते. रक्तदानासाठी रांगा लागल्या, बाजारातील स्त्रियांनी भाताचे गोळे करून वाटले. २७ मे रोजी पहाटे सैन्याने प्रांतिक कार्यालय पुन्हा ताब्यात घेतले. दीडशेहून अधिक नागरिक मरण पावले. अनेक जण आजही बेपत्ता आहेत. प्रांताचे पोलीस प्रमुख आन ब्योंग-हा यांनी नागरिकांवर शस्त्र चालविण्यास नकार दिला होता. त्यांना अटक व छळाला सामोरे जावे लागले. युर्गेन हिन्झपीटर या जर्मन छायाचित्रकाराने केलेले चित्रीकरण जगापर्यंत पोहोचले, परंतु कोरियातील वृत्तपत्रे सेन्सॉरच्या ताब्यात होती.

राज्यसंस्थेची हिंसा केवळ बंदुकीपुरती मर्यादित नव्हती. १९७५ मध्ये भटक्या व्यक्तींना ताब्यात घेण्याविषयी गृहखात्याचा आदेश निघाला. त्याच्या आधारे बुसान येथील ‘ब्रदर्स होम’ या संस्थेत रस्त्यावरील मुलांना व गरिबांना डांबण्यात आले. १९७५ ते १९८८ या काळात तेथे ६५७ मृत्यू झाल्याचा निष्कर्ष सत्यशोधन आयोगाने २०२२ मध्ये काढला.

न्याय आणि सत्यशोधनाची वाटचाल :

जून १९८७ च्या जनआंदोलनानंतर लोकशाही परतली. तरीही १९९५ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी, यशस्वी झालेल्या उठावाबद्दल शिक्षा करता येत नाही, अशी भूमिका घेऊन खटला भरण्याचे नाकारले. प्राध्यापक, विद्यार्थी व नागरिक यांच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी विशेष कायदा झाला. १९९६ मध्ये चुन दू-ह्वान यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. अपिलात तो जन्मठेपेत बदलला व एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना माफी मिळाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्यांनी हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराची साक्ष देणाऱ्या एका दिवंगत धर्मगुरूस खोटारडे ठरविले. त्याबद्दल २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. नोव्हेंबर २०२१ मध्ये माफी न मागताच ते मरण पावले.

जेजूबाबतचा विशेष कायदा जानेवारी २००० मध्ये जारी झाला. २००३ मध्ये शासकीय अहवाल आला आणि ३१ ऑक्टोबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी जेजू येथे जाऊन राज्याच्या वतीने माफी मागितली. डिसेंबर २००५ मध्ये सत्य व समेट आयोगाचे काम सुरू झाले व ते २०१० पर्यंत चालले. डिसेंबर २०२० मध्ये दुसरा आयोग स्थापन होऊन त्याचा तपास मे २०२५ पर्यंत झाला. जानेवारी २००८ मध्ये रोह मू-ह्यून यांनी उल्सान येथील बोडो संघाच्या बळींबद्दलही माफी मागितली.

न्यायालयांची भूमिकाही हळूहळू बदलली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर एका दिवसाच्या आत फाशी दिलेल्या आठ जणांना जानेवारी २००७ मध्ये फेरखटल्यात निर्दोष ठरविण्यात आले. २०११ मध्ये उल्सान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ज्या राज्याने सत्य दडविले त्यालाच दाव्याची मुदत संपल्याचा बचाव घेता येणार नाही, असे तत्त्व मांडले. जानेवारी २०१९ मध्ये जेजू येथील न्यायालयाने १९४८-४९ च्या लष्करी खटल्यांतून वाचलेल्या १८ वृद्धांवरील आरोप, योग्य कायदेशीर प्रक्रिया पाळली न गेल्याच्या कारणास्तव, रद्दबातल केले. २०२१ मध्ये जेजू कायद्यात व्यापक दुरुस्ती होऊन भरपाईची तरतूद झाली. ग्वांगजूची कागदपत्रे २०११ मध्ये व जेजूची २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदवहीत समाविष्ट झाली.

मर्यादा :

ही वाटचाल आदर्श मानणे योग्य होणार नाही. आयोगांना केवळ शिफारशी करण्याचा अधिकार होता. १९४८-५१ च्या हत्यांतील बहुतेक आरोपी शिक्षेविना मरण पावले. जेजूमध्ये सशस्त्र गटाच्या प्रमुख नेत्यांना ‘बळी’ या व्याख्येतून वगळण्यात आले आहे; त्यामुळे निरपराध कोण, हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा राज्याकडेच राहिला. सरकार बदलले की आयोगाचा कलही बदलतो, अशी टीका सातत्याने झाली आहे. ग्वांगजूविषयी असत्य पसरविणाऱ्यांस शिक्षा करणारी २०२१ ची तरतूद बळींच्या सन्मानासाठी असली, तरी इतिहासाचे सत्य दंडविधानाने राखावे काय, हा प्रश्न तिने उपस्थित केला आहे.

३ डिसेंबर २०२४ ची कसोटी :

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-येओल यांनी लष्करी कायदा जाहीर केला व सैनिक संसद भवनात शिरले. नागरिक मोठ्या संख्येने तेथे धावले. १९८७ च्या संविधानातील ७७ व्या कलमानुसार संसदेच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केल्यास लष्करी कायदा उठविणे अध्यक्षांवर बंधनकारक आहे. उपस्थित १९० सदस्यांनी एकमताने तो ठराव संमत केला. १४ डिसेंबर रोजी अध्यक्षांवर महाभियोग मंजूर झाला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी संविधान न्यायालयाने त्यांना पदच्युत केले. त्या रात्री संसदेकडे धावलेल्या अनेकांच्या मनात ग्वांगजूचीच स्मृती होती. ती स्मृती शाळांत शिकविली गेली होती, चित्रपटांत दिसली होती, कादंबऱ्यांतून वाचली गेली होती. दडपलेली राहिली असती, तर ती त्या रात्री उपयोगी पडली नसती.

निष्कर्ष :

१) दक्षिण कोरियातील हत्याकांडे केवळ युद्धजन्य अनागोंदीतून घडली नाहीत. जाहीरनामे, याद्या आणि आदेश यांच्या आधारे प्रशासनाने ती घडवून आणली.

२) नागरिकांना ‘लाल’ अशा एका शब्दात बसविल्याने त्यांच्या हक्कांचा प्रश्नच पुसला गेला. भाषेतील हे वर्गीकरण हिंसेची पूर्वतयारी ठरले.

३) आदेश नाकारणारे अधिकारी प्रत्येक टप्प्यावर होते. त्यामुळे हिंसा अटळ होती, हे समर्थन टिकत नाही.

४) सत्यशोधनाची सुरुवात शासनाने केली नाही. ती बळींच्या कुटुंबीयांनी, लेखकांनी, पत्रकारांनी व विद्यापीठांनी केली. शासन त्यांच्या मागून आले.

५) सत्यशोधनाने मृत परत येत नाहीत आणि शिक्षाही क्वचितच होते; मात्र भावी सत्ताधाऱ्यांपुढे एक मर्यादा उभी राहते. डिसेंबर २०२४ च्या घटनांतून हे दिसून आले.

जेजू येथील शांतता स्मारकात एक कोरी शिळा आडवी ठेवलेली आहे. तिच्यावर एकही अक्षर नाही. १९४८ च्या त्या घटनेस उठाव म्हणावे, दंगल म्हणावे की हत्याकांड, याविषयी कोरियन समाजाचे अद्याप एकमत झालेले नाही. म्हणून ती केवळ ‘४.३’ या तारखेने ओळखली जाते. योग्य नाव सापडेल तेव्हा ते कोरून ही शिळा उभी केली जाईल, असा त्यामागील संकल्प आहे. एका राष्ट्राने आपल्या इतिहासाचा अभ्यास अपूर्ण असल्याचे इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याची उदाहरणे विरळाच आढळतात.